काटा त खालीच होता! : गाडीला जादा गेज निवडणे आणि बसवणे

ज्याच्या घरी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा माल वाहणारा छोटा टेम्पो आहे त्याने इंजिन गरम होऊन गेल्याची एखादी तरी गोष्ट ऐकलेली असतेच. आमच्या आसेगावकडे, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात, या गोष्टीत एक वाक्य ठरलेलं असतं : "काटा त खालीच होता ना भाऊ!" टेंपरेचरचा काटा शेवटपर्यंत खाली, आणि इंजिन मात्र पकडलेलं. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, पिस्टन चिकटले. मिस्त्री म्हणतो मीटर खराब होतं. मालक म्हणतो नवीनच टाकलं होतं.

हीट ट्रान्सफरचा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना यातली गंमत लगेच कळावी. टेंपरेचर गेजचा सेंडर, म्हणजे इंजिनमध्ये बसवलेला तो पितळी बोंडासारखा भाग, पाण्यात बुडलेला असतो. इंजिनचं तापमान तो थेट मोजत नाही, स्वतःभोवतीच्या पाण्याचं मोजतो. आता समजा खालचा होज पाईप फुटला आणि दोन मिनिटांत रेडिएटर रिकामा झाला. सेंडरभोवती पाणी उरलं नाही, उरली फक्त वाफ आणि हवा. हवेतून उष्णता सेंडरपर्यंत पोहोचते ती पाण्याच्या मानाने फारच हळू. त्यामुळे काटा वर जायच्या ऐवजी तिथेच थांबतो, कधीकधी खालीसुद्धा येतो. इकडे हेडचं लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम तापतच चाललेलं असतं. म्हणजे काटा खराब नव्हता आणि मालकही खोटं बोलत नव्हता!

हे एवढं लांबण लावायचं कारण असं की गाडीला बाहेरून गेज बसवण्याचं वेड सध्या पुष्कळ दिसतं. तीन गोल डायल, निळा लाईट, क्रोमची रिंग. दिसायला मस्तच दिसतात, त्याबद्दल वाद नाही. पण गेज विकत घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे : मला कुठला बिघाड, किती आधी कळायला हवा, आणि तो कळण्यासाठी सेंडर नेमका कुठे असायला हवा? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर डॅशबोर्डवर घड्याळ लावलं तरी चालेल. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पान उलटू नये, पुढचा अर्धा लेख रेझिस्टन्सचाच आहे.

कंपनीचे गेज असताना दुसरे कशाला?

आधी ऑईल प्रेशर घेऊ, कारण इथे कंपनीची सोय सगळ्यात तोकडी असते. बहुतेक गाड्यांत ऑईल प्रेशरचा काटा नसतोच, फक्त लाल दिवा असतो, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र असलेला. हा दिवा ज्या स्विचवर चालतो तो साधारण ०.३ ते ०.५ बारला, म्हणजे ४ ते ७ पीएसआयच्या आसपास काम करतो. प्रेशर त्याच्या खाली गेलं तरच दिवा लागतो. आता मिस्त्री लोकांचा एक ठोकताळा आहे : दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय हवं. म्हणजे २५०० आरपीएमला चालणाऱ्या इंजिनला २५ पीएसआय तरी पाहिजे. पंप झिजला, गाळणी चोंदली, किंवा ऑईल कमी होऊन वळणावर पंपाने हवा ओढली आणि प्रेशर १२ पीएसआयवर आलं, तर बेअरिंग घासायला सुरुवात झालेली असते. दिवा मात्र बंदच! कारण १२ हे ७ पेक्षा जास्त आहे. दिवा लागतो तेव्हा बऱ्याचदा हाफ इंजिनच्या कामाची तयारीच करायची असते.

आणखी एक. या दिव्याची वायर तुटली तर दिवा कधीच लागत नाही. म्हणून इंजिन चालू करण्याआधी चावी फिरवून तो लागतो का हे पाहायची सवय असावी. इथे पैसे लागत नाहीत.

टेंपरेचरचं दुखणं वेगळं. जुन्या जीपमधला काटा खरोखर हलायचा, घाटात वर, उतारावर खाली. लोक घाबरून शोरूमला गाडी आणायचे. म्हणून नंतरच्या पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम शांत केला गेला. साधारण ८० पासून १०० अंशांच्या थोडं पुढेपर्यंत तो मधोमध ठाण मांडून बसतो, आणि हलतो तेव्हा एकदम लाल पट्ट्याकडे धावतो. हे आकडे गाडीप्रमाणे बदलतात, तत्त्व तेच. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच काढून टाकलाय : थंड असताना निळा दिवा, फार गरम झाल्यावर लाल. मधलं काही सांगायची पद्धतच नाही. म्हणजे ८५ चं ९८ झालं, रेडिएटर हळूहळू चोंदतोय, ही बातमी ड्रायव्हरपर्यंत येतच नाही.

आणि आपल्या भागात ही बातमी महत्त्वाची आहे. विदर्भातल्या मे महिन्यात ४४-४५ अंश ही काही विशेष गोष्ट नाही. रेडिएटर उष्णता फेकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. बाहेर २५ असताना ९० च्या पाण्याला ६५ अंशांचा फरक मिळतो, बाहेर ४५ असताना ४५ चाच. तीस टक्के सोय गेली ना! त्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला, तो आपल्या वाशीम जिल्ह्यातून जातो. पूर्वी जुनी गाडी मंगरूळपीरहून कारंज्याला जायची ती खड्डे चुकवत, थांबत थांबत. आता तीच गाडी शेलूबाजारला वर चढते आणि दोन-तीन तास एकाच वेगाने पळत राहते. जे इंजिन गावातल्या गावात वर्षानुवर्षे तक्रार करत नव्हतं त्याची खरी परीक्षा तिथे होते.

थर्मोस्टॅटबद्दलही इथेच सांगून टाकतो. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. तो साधारण ८२ अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह. काढला की काटा खाली राहतो आणि मालक खूश. पण इंजिन हिवाळ्यात कधी नीट तापतच नाही, डिझेल जास्त जातं, ऑईलमधली वाफ निघून जात नाही. आणि चोंदलेला रेडिएटर चोंदलेलाच राहतो. गेजचा काटा खाली आणणे आणि इंजिन बरं करणे यात आपण गल्लत करतो ती इथे.

कुठले गेज घ्यावेत

साध्या, टर्बो नसलेल्या गाडीला माझ्या मते तीनच : ऑईल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि व्होल्टमीटर. याच क्रमाने. पैसे एकाच गेजचे असतील तर ऑईल प्रेशर घ्यावा, कारण प्रेशर गेल्यावर मिळणारा वेळ मिनिटात नाही, सेकंदात मोजायचा असतो. टर्बो डिझेलला बूस्ट गेज उपयोगी पडतो. होज फाटला किंवा टर्बो थकला की बूस्ट कमी दिसतो. एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज हा ज्याने पंप वाढवून घेतलाय किंवा जो सतत ट्रॉली ओढतो त्याच्यासाठी. त्यात के टाईपचं थर्मोकपल टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बसवतात, त्यासाठी भोक पाडावं लागतं, आणि लोखंडाचा एक कीस आत राहिला तर टर्बोची पाती गेली. हौस म्हणून करायचं काम नव्हे ते.

आता पाणी संपल्यावर काय, हा पहिला प्रश्न राहिलाच. त्याला उत्तर दोन. एक म्हणजे रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा एक्स्पान्शन टाकीत पातळीचा सेन्सर आणि त्याला जोडलेला बझर. पाणी कमी होताच ओरडतो, तापायची वाटच पाहत नाही. दुसरं म्हणजे धातूचं तापमान मोजणारा सेंडर. हा एक थर्मिस्टर असतो, तांब्याच्या थिंबलमध्ये बसवलेला, आणि थिंबल हेडवरच्या एखाद्या बोल्टखाली आवळायची. पाणी असो नसो, हेड तापलं की काटा वर. हेडचे मुख्य बोल्ट मात्र यासाठी सैल करू नयेत, त्यांचा टॉर्क ठरलेला असतो. ब्रॅकेटचा किंवा थर्मोस्टॅट हाऊसिंगजवळचा, हेडच्याच धातूत गेलेला छोटा बोल्ट पाहावा. शेतकऱ्याच्या गाडीला तीन झगमगीत डायलपेक्षा हा एक बझर जास्त कामाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला मात्र काहीच दिसत नाही, त्यामुळे हौशी लोकांत तो खपत नाही.

२०१३ नंतरच्या गाडीवाल्यांनी आधी एक सोपा मार्ग पाहावा. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनचं सॉकेट असतं. त्यात छोटं ब्लूटूथ अडॅप्टर लावलं की मोबाईलवर पाण्याचं खरं तापमान दिसतं, शांत केलेलं नव्हे. हे तापमान ईसीयू एका बाईटमध्ये पाठवतो आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. म्हणून रेंज उणे ४० ते २१५ अंश! बॅटरीचे व्होल्ट, टर्बो असेल तर मॅनिफोल्डचं प्रेशर, हेही बहुतेक मिळतं. ऑईल प्रेशर बहुतेक गाड्यांत मिळत नाही, कारण तिथे सेन्सर नसून तो स्विचच असतो. गाडी उभी असताना अडॅप्टर काढून ठेवावा, नाहीतर तो बॅटरी पीत राहतो. आणि सेन्सर शेवटी पाण्यातलाच, त्यामुळे पाणी संपल्यावर हा मोबाईलसुद्धा "खालीच आहे" असंच सांगणार.

मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

मेकॅनिकल प्रेशर गेजच्या आत वाकवलेली चपटी नळी असते, बूर्दाँ ट्यूब. पॅरिसच्या यूजेन बूर्दाँने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधले बहुतेक गेज आजही तसेच आहेत. प्रेशर आलं की नळी सरळ व्हायला बघते, काटा फिरतो. वीज नको, भरवसा चांगला. पण गाडीत लावायचा तर गरम ऑईलची नळी थेट डॅशबोर्डपर्यंत, म्हणजे आपल्या पायांवर आणावी लागते. प्लॅस्टिकची नळी एक्झॉस्टला लागली तर वितळते, तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन चिरते. तांब्याची वापरायचीच असेल तर इंजिन आणि बॉडीच्या मध्ये तिला दोन-तीन वेटोळी द्यावीत, म्हणजे कंपन वेटोळ्यात जिरतं. ट्रॅक्टरला मेकॅनिकल ठीक आहे. बंद केबिनच्या गाडीला मी तरी इलेक्ट्रिकच सांगेन.

ट्रॅक्टरवरचा तापमानाचा मेकॅनिकल गेज पाहिला असेल. बल्ब, त्याला जोडलेली बारीक लांब केशनळी आणि शेवटी डायल. बल्बमध्ये ईथरसारखा लवकर उडणारा द्रव असतो. त्याची वाफ होते, तिचं प्रेशर वाढतं आणि काटा सरकतो. ही नळी कापता येत नाही, जोडता येत नाही. लांब वाटली म्हणून कापली की गेज संपला. उरलेल्या लांबीचं मोठं वेटोळं करून बांधून ठेवायचं.

इलेक्ट्रिकमध्ये सेंडर म्हणजे बदलता रेझिस्टन्स, आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. सेंडर आणि गेज ही जोडी असते. युरोपियन पद्धतीचा प्रेशर सेंडर शून्य प्रेशरला साधारण १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचा बरोबर उलटा : शून्याला २४०, पूर्णला ३३. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा गेज लावला तर काटा हलतो जरूर, पण जे सांगतो ते निव्वळ खोटं. दुकानदार म्हणेल सगळे सारखेच असतात. ऐकू नका. जोडी एकाच डब्यातली घ्या, किंवा मल्टिमीटर सोबत न्या.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की वायर तुटली तर काटा कुठे जाईल? वायर तुटणे म्हणजे अनंत रेझिस्टन्स. तापमानाच्या सेंडरचा रेझिस्टन्स थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी असतो, म्हणजे वायर तुटली की गेज "थंड" दाखवतो. १०-१८० च्या प्रेशर गेजमध्ये वायर तुटली की काटा फुल्ल वर, म्हणजे "प्रेशर भरपूर". दोन्हीकडे खोटी खात्री! २४०-३३ च्या जोडीत मात्र वायर तुटल्यावर काटा शून्यावर येतो, ड्रायव्हर दचकतो, गाडी थांबवतो, आणि वायर सापडते. फुकट दचकला एवढंच नुकसान. दोन्ही जोड्या मिळत असतील तर मी प्रेशरसाठी ही दुसरी घेईन. कंट्रोल सिस्टीमच्या तासाला फेल-सेफ हा शब्द ऐकला होता, त्याचा अर्थ इतका सोपा आहे हे तिथे कळलं नव्हतं.

घेतलेला टेंपरेचर गेज बसवण्याआधी घरीच तपासता येतो. बॅटरी, गेज आणि सेंडर जोडा, सेंडरच्या पितळी अंगाला अर्थची वायर लावा आणि सेंडरचं टोक उकळत्या पाण्यात धरा. काटा १०० वर यावा? जरा थांबा. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ लाच उकळतं. काटा ९८ च्या आसपास, चार-पाच अंश इकडेतिकडे, आला तर गेज चांगला. लगेच येणार नाही, सेंडर फर्स्ट ऑर्डर सिस्टीम आहे, त्याला टाईम कॉन्स्टंट आहे. दोन मिनिटं धीर धरा. प्रेशर गेजसाठी लॅबमधला डेड वेट टेस्टर सरांना विनंती करून वापरता येईल.

बसवताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजिन थंड असू द्या.

ऑईल प्रेशरचा सेंडर बसतो तिथेच जिथे कंपनीचा स्विच आहे, म्हणजे ऑईल गॅलरीवर. स्विच काढून टाकून त्या जागी सेंडर लावणारे पुष्कळ आहेत, पण लाल दिवा घालवू नये. काट्याकडे माणूस पाहीलच असं नाही, दिव्याकडे नजर जाते. दोन्हीसाठी मध्ये टी बसवतात. आणि इथे आट्यांचा प्रश्न येतो. एक-अष्टमांश एनपीटीला इंचात २७ आटे, एक-अष्टमांश बीएसपीला २८, आणि एम-१० ला एक मिलिमीटरचा पिच. तिन्हीचा व्यास दहा मिलिमीटरच्या आसपास. हाताला सारखेच लागतात, दोन-तीन आटे खुशाल जातातसुद्धा. मग पाना लावून जोर केला की ब्लॉकचे आटे गेले. थ्रेड गेज लावून पाहा, आणि काढलेला स्विच दुकानात सोबत न्या. हाताने निदान चार आटे सहज गेले पाहिजेत, तोपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

टेफ्लॉन टेप लावताना पुढचे एक-दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचा तुकडा ऑईलबरोबर आत जातो. शिवाय बऱ्याच सेंडरची अर्थ आट्यांतूनच मिळते. टेपचे पाच-सहा वेढे दिले तर काटा चुकीचं दाखवू शकतो. कमी टेप, किंवा द्रव सीलंट.

सगळ्यात मोठा धोका मी मुद्दाम वेगळा सांगतो. प्रेशर सेंडर हा डबीसारखा जड असतो. तो पितळी टीवर, टी ब्लॉकवर, आणि ब्लॉक म्हणजे थरथरणारं डिझेल इंजिन. हा कॅन्टिलिव्हर आहे! एक दिवस पितळ मुळाशी चिरतं आणि पंप सगळं ऑईल रस्त्यावर फेकतो. इंजिन वाचवायला लावलेला गेजच इंजिन खातो. म्हणून ब्लॉकमधून जाळीची लवचिक होज काढावी, सेंडर आणि टी बॉडीवर ब्रॅकेट करून पक्के करावेत, आणि सेंडरला वेगळी अर्थ वायर द्यावी. खर्च थोडा वाढतो, पण नुसती टी लावून देणाऱ्याला नाही म्हणा.

पाण्याच्या सेंडरसाठी कंपनीचा सेन्सर काढू नका. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू त्यावरच इंधन ठरवतो. वरच्या होज पाईपला कापून मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा अडॅप्टर टाकता येतो. तो दोन्हीकडून रबरात असल्यामुळे त्यालाही अर्थ वायर हवीच. या जागी एक लक्षात ठेवा : थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे गरम पाणी येत नाही, त्यामुळे काटा सुरुवातीला बराच वेळ झोपलेला राहील. जोडणी झाल्यावर हवा नीट काढा. हवेचा बुडबुडा सेंडरपाशी अडकला तर पुन्हा तोच पहिला किस्सा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. गेजला पॉझिटिव्ह मिळावा तो चावी चालू केल्यावर येणाऱ्या लाईनवरून, स्वतंत्र छोटा फ्यूज टाकून. ईसीयू आणि एअरबॅगच्या वायरींना हात नाही. एअरबॅगचे कनेक्टर आणि वेष्टन सहसा पिवळं असतं. डायलचा लाईट पार्किंग लाईटच्या वायरवर, म्हणजे रात्रीच लागेल. फायरवॉलच्या भोकात रबर ग्रॉमेट नसेल तर पत्र्याची धार सहा महिन्यांत वायर सोलते. खिडकीजवळच्या खांबावर गेज लावायची फॅशन आहे, पण पडद्याची एअरबॅग असलेल्या गाडीत ती तिथूनच उघडते. तिथे डायल लावला तर तो आपल्याच डोक्याकडे येईल.

अर्थ चांगल्या, खरवडलेल्या पत्र्यावर द्या आणि हेडलाईटच्या अर्थमध्ये मिसळू नका. हिशोब करून पाहा : साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अ‍ॅम्पिअर. गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स ०.१ ओहम जरी असला तरी तिथे एक व्होल्ट पडतो आणि गेजचा "शून्य" एक व्होल्टने सरकतो. रात्री हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा हलत असेल तर इंजिनला काही झालेलं नाही, अर्थ तपासा. तसंच जुन्या गाडीत पेट्रोल-डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा एकदमच वर चढले तर दोघांना मिळून असलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर गेला असं समजावं.

अ‍ॅमीटर मात्र लावू नका. जुन्या जीपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये तो असायचा, मधोमध शून्य असलेला. त्यातून गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डमागून फिरतो. तेव्हाच्या डायनॅमोला ते चाललं. आजचा अल्टरनेटर सत्तर-शंभर अ‍ॅम्पिअर सहज देतो, एक नट सैल झाला तर आग. व्होल्टमीटर तीच माहिती देतो : इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. चालू असताना १२.५ च्या खाली राहू लागला तर बेल्ट किंवा अल्टरनेटर, १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर. आणि बेल्ट तुटला असेल तर कित्येक गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही असतो, म्हणजे व्होल्टमीटर तुम्हाला तापमानाची बातमी टेंपरेचर गेजच्याही आधी देतो!

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. गेजने आरसीवरचा कुठलाच तपशील बदलत नाही. पण वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. तिथे ओबीडी बरा.

काटा वर गेला तर?

रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ बारचं असेल तर आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याहून थोडं वर. त्यामुळे काटा १०५ ला गेला म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही. एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, वेग कमी करा, सुरक्षित जागा पाहा. ११० च्या पुढे जात असेल तर थांबा. झाकणाचं रबर गेलं असेल तर मात्र हे सगळं गणित ९८ वर येतं, म्हणून झाकण स्वस्त असलं तरी चांगलं टाका. पाणी वाहून गेलेलं दिसलं किंवा पातळीचा बझर वाजला, तर काटा कुठेही असो, इंजिन ताबडतोब बंद. ऑईल प्रेशर पडलं तरी तेच. गरम असताना झाकण उघडायचं नाही, अर्धा तास तरी नाही. तापलेल्या रिकाम्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर वाकलं नसेल ते हेडही चिरतं.

बसवल्यावर पहिले पंधरा दिवस नुसतं बघत राहा. सकाळी थंड असताना ऑईल प्रेशर किती, तापल्यावर आयडलिंगला किती, साठच्या वेगाला किती. दुपारी दोनला भरल्या गाडीने चढावर तापमान किती, संध्याकाळी रिकाम्या गाडीने किती. प्रत्येक गाडीचं नॉर्मल वेगळं असतं. ते सापडलं की काचेवर मार्करने बारीक खूण करा, म्हणजे गाडी दुसऱ्या कोणी चालवली तरी त्याला आकडे पाठ असायची गरज नाही, काटा खुणेपासून हटला एवढं कळलं तरी पुरे. आणि आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पुढच्या वेळी मिस्त्रीकडे गाडी नेली की बॉनेट उघडायच्या आधी ती त्याच्या हातात द्या.